टोपीखालचे 'कल्ले': बरोबर की चूक?

पागोळी: रत्नागिरीत थिबा पॉइंटजवळच्या बागेत हिरवळीवर पांढरी भूछत्रं उगवलीत. एकही न उपटता, बायकोच्या पावडरच्या डबीतला आरसा खाली सरकवून टोपीच्या आतल्या पातळ पात्यांचा फोटो काढला. (कोपर चिखलात, वर माळी उभा. असो.) पहिल्या दिवशी आत पांढरंशुभ्र, तिसऱ्या दिवशी हिरवट. फोटोखाली लिहिलं, 'हिरवे पडू लागलेले कल्ले'. शेजारच्या निवृत्त गुरुजींचा लगेच फोन: "कल्ले माशाला असतात हो." मग ह्यांना म्हणायचं काय?

शब्दवेल्हाळ: पटलिका. 'कल्ला' मुळात फारसी, जबडा अशा अर्थाचा. कवकाला (बुरशी-भूछत्रांना) कशाला?

बांगडो: कल्ले म्हटल्यार माका बांगडोच दिसता. पण आतसून बघल्यार तसाच दिसता, खोटा कित्याक सांगू? पटलिका म्हणजे फळ्यार लिवलेला वाटता.

पागोळी: इंग्रजांनीही माशाचाच शब्द उचललाय. जर्मन 'लामेलन' म्हणतात, म्हणजे पातळ पत्रे.

माहेर_सावंतवाडी: आजी 'कुत्र्याची छत्री' म्हणायची. छत्रीला काड्या असतात. मिटलं!

शब्दवेल्हाळ: छत्रीच्या काड्या आठ, इथे शेकड्यांनी पाती. शिवाय आपल्या गालांवरही कल्ले असतात, वाचणाऱ्याने दाढीवाली भूछत्रं समजायची का?

माहेर_सावंतवाडी: 'कवक' तरी कोण बोलतं? पाठ्यपुस्तकवाल्यांनी पाडलेला शब्द.

शब्दवेल्हाळ: चूक. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात लसूण-कांद्याच्या पंगतीत 'कवकानि' आहे, वर्ज्य म्हणून.

बांगडो: म्हणजे मनून अळमी खावक नाय. बिचारो.

माहेर_सावंतवाडी: 😄 पण ते अळंबे की ती अळंबी? आमच्याकडे एक अळंबे, दोन अळंबी. मुंबईची भाची 'अळंब्या आणल्या' म्हणाली, आई जेवता जेवता थांबली.

पागोळी: मी 'ती अळंबी'च म्हणतो. रूढ झालंय आता.

शब्दवेल्हाळ: रूढ झालं म्हणून बरोबर होत नाही.

बांगडो: शब्द ऱ्हवांदे. वारुळावरची अळमी येयत तेव्हा खरी मजा. वाळवी आत बुरशीची शेती करता, आमी आयता खातो. गडगडाट झालो की आवशी टोपली घेवन भायर.

माहेर_सावंतवाडी: आमच्याकडे गडगडाटानंतर तिसऱ्या दिवशी. आणि जागा सख्ख्या भावालाही सांगायची नाही.

पागोळी: माझे कल्ले राहिले बाजूला.

बांगडो: तुझी ती बागेतली खाल्लं तर नाय मा?

पागोळी: नाही रे. हिरवळीवरचं पांढरं, आत हिरवट पडणारं, ते विषारी असतं. पोटात गेलं की ओकाऱ्या आणि जुलाब. त्या हिरव्या रंगासाठीच तर नेमका शब्द हवा होता!

शब्दवेल्हाळ: पटलिका.

माहेर_सावंतवाडी: पापुद्रे?

बांगडो: बाजारात अळमी इली काय रे? वाटो कसो लावलास?