पोकर: एक्क्यांची जोडी घेऊन पुन्हा हरलो, हे काका पत्ते टाकतच नाहीत! मदत हवी आहे

गच्चीवरचा_भिडू:
लवकर सांगा, शनिवारी परत बसायचंय. टेक्सास होल्डेम (हातात दोन पत्ते, मध्ये सगळ्यांसाठी पाच). आमच्यात एक काका आहेत, कधी रेज करत नाहीत (रक्कम वाढवत नाहीत), कधी फोल्ड करत नाहीत (पत्ते टाकत नाहीत). नुसता कॉल, म्हणजे समोरच्याने लावले तेवढेच लावायचे. काल माझ्याकडे एक्क्यांची जोडी. मुद्दाम गप्प राहिलो, जाळं लावलं. शेवटी काकांनी फ्लश (एकाच चिन्हाचे पाच पत्ते) दाखवला. महिन्यात तिसऱ्यांदा! अशा माणसासमोर भारी पत्ते खेळायचे तरी कसे? "नशीब" म्हणणाऱ्यांनी कृपया प्रतिसाद देऊ नये.

निवांत_नाना:
नशीब.

किलवरगुलाम:
किती जण होतात? ब्लाइंड (दोघांनी सुरुवातीला सक्तीने टाकायची रक्कम) किती? फ्लॉपवर (मधल्या पहिल्या तीन पत्त्यांत) काय आलं, कुणी किती लावले? डॉक्टरकडे जाऊन नुसतं "दुखतंय" म्हटल्यासारखं झालं हे.

गच्चीवरचा_भिडू:
नाना, धन्यवाद.
सहा जण, ब्लाइंड ५-१०. सगळे दहा-दहा देऊन आत. मीही नुसता कॉल केला, संशय नको म्हणून. पॉट (मधली जमा) ६०. फ्लॉप: बदाम राजा, बदाम सत्ती, किलवर तिर्री. सगळे चेक (काही न लावता पुढे), मीही चेक. टर्नला, म्हणजे चौथा पत्ता, चौकट राणी. मी २० लावले, एकटे काका उरले. रिव्हरला, म्हणजे शेवटचा पाचवा, बदाम चव्वी. मी ५० लावले, काकांनी २०० केले, मी कॉल. त्यांच्याकडे बदामाची दश्शी-छक्की. दश्शी-छक्की घेऊन टर्नला कुणी कॉल करतं का??

किलवरगुलाम:
करतं, आणि बरोबर करतं. काकांना २० देऊन ८० मिळणार होते, म्हणजे पाचात एकदा लागलं तरी बरोबरी. त्यांना न दिसलेले पत्ते ४६, त्यात बदामाचे ९. साधारण १९.६ टक्के. वर रिव्हरला तुम्ही आणखी २०० दिलेत ते वेगळेच. स्वस्तातलं तिकीट तुम्हीच फाडून दिलंत. ४५ लावले असतेत तर त्यांना बरोबरीसाठीच ३० टक्के लागले असते. काका तरीही कॉल करणार, पण मग तो कॉल तुमच्या फायद्याचा.
आणि मुळात सुरुवातीलाच रेज का नाही? एक्क्यांची जोडी एकासमोर साधारण ८५ टक्के जिंकते. पाच जण कुठलेही पत्ते घेऊन शेवटपर्यंत बसले तर ४९ टक्के. तुम्ही पाचांनाही आत बोलावून चहा पाजलात.

पाटावरचा_एक्का:
असहमत. भारी पत्ते आले की गप्पच बसायचं. दिवाळीला तीन पत्तीत मला ट्रेल (तिन्ही पत्ते सारखे) लागली की मी शेवटपर्यंत ब्लाइंड खेळतो, पत्ते बघतसुद्धा नाही. सगळा पॉट माझा.

किलवरगुलाम:
न बघता ट्रेल लागल्याचं कळतं कसं?

पाटावरचा_एक्का:
अनुभव.

किलवरगुलाम:
बरं. जाळं लावायचं ते अंगावर येणाऱ्यासाठी. जो स्वतःहून पैसे लावतो, त्याच्यासमोर तुम्ही चेक केलात तर तो लावतो. काका लावतच नाहीत. तुम्ही चेक, तेही चेक, पॉट जिथल्या तिथे, आणि पुढचा पत्ता फुकट. जो नुसता कॉल करतो त्याच्यासमोर चांगले पत्ते आले की लावायचं, मोठं लावायचं, लावत राहायचं. आणि ब्लफ (पत्ते नसताना लावून घाबरवणं) अजिबात नाही. करता का ब्लफ?

गच्चीवरचा_भिडू:
कधीकधी. चालत नाही.

किलवरगुलाम:
कसा चालेल, ते फोल्डच करत नाहीत ना!

शून्यवजा:
इथे सगळे अंदाजपंचे बोलताहेत. सॉल्व्हर (कुठे किती लावायचं ते गणिताने काढणारा प्रोग्रॅम) वापरा. २०१९ साली प्लुरिबस नावाच्या प्रोग्रॅमने सहा जणांच्या होल्डेममध्ये व्यावसायिक खेळाडूंना हरवलं. तुमचेही सहाच जण. चांगल्या पत्त्यांवर लावणं आणि ब्लफ यांचा समतोल राखलात तर काका काहीही करोत.

किलवरगुलाम:
समतोल राखून सहसा हरणार नाहीत हे मान्य. पण समोरचा एकच चूक रोज करत असेल तर तिचा फायदा घ्यायचा की समतोल राखत बसायचं? काकांना ब्लफ करण्यात कसला समतोल?

शून्यवजा:
तुम्हाला थिअरी कळलेली नाही एवढंच म्हणतो.

कैरीपन्हं:
मूळ प्रश्नाचं एक राहिलंच. जे काका कधीच रेज करत नाहीत, त्यांनी रिव्हरला तिसरं बदाम पडल्यावर ५० चे २०० केले आणि तुम्ही कॉल केलात?! आमच्या आत्या अशाच होत्या. वर्षातून दोनदा रेज करायच्या, दोन्ही वेळा घरातले सगळे पत्ते टाकून जेवायला उठायचे.

साधासरळ:
पैसे लावून खेळता का? ऑनलाइन खेळत असाल तर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ बंद आहेत. अर्ज कुठे करायचा ते हवं असल्यास सांगतो.

गच्चीवरचा_भिडू:
कसला अर्ज? ऑनलाइन नाही हो, सोसायटीच्या गच्चीवर. पैसे नसतात. प्रत्येकी १००० च्या प्लास्टिकच्या चकत्या. शेवटी ज्याच्याकडे सर्वांत कमी, तो रविवारी सगळ्यांना मिसळ देतो.

किलवरगुलाम:
हे आत्ता सांगताय? चकत्या संपल्या तर?

गच्चीवरचा_भिडू:
डब्यातून परत १००० घ्यायच्या.

किलवरगुलाम:
त्या शेवटी वजा करता?

गच्चीवरचा_भिडू:
नाही.

किलवरगुलाम:
मग काका कशाला फोल्ड करतील! हरले तरी डबा आहेच. खरं तर तुमच्यात सर्वांत शहाणे तेच.

निवांत_नाना:
अवांतर: मिसळ कुठली? पुणेरी असेल तर हरण्यात काही अर्थ नाही.

कैरीपन्हं:
झालं, आता ५० प्रतिसाद नक्की. (कोल्हापुरी.)

गच्चीवरचा_भिडू:
रविवार, अपडेट. राजांची जोडी आली. यावेळी सरळ ६० केले, तिघे आत, त्यात काका. फ्लॉपला राजा, अठ्ठी, दुर्री. १२० लावले, फक्त काका कॉल. टर्नला ३००, कॉल. रिव्हरला उरलेले सगळे लावले, काकांनी क्षणभर चष्मा पुसला आणि कॉल. अठ्ठीची जोडी! त्यांचे सगळे १००० माझ्याकडे.
नंतर एकदा रिव्हरला काकांनी रेज केलं. माझ्याकडे पुन्हा एक्के. आत्या आठवल्या, टाकले. काकांनी पत्ते न दाखवता पिसायला घेतले. खाली उतरताना विचारलं, तर म्हणतात, "आठवत नाही रे."
डब्यातून घेतलेल्या चकत्या वजा धरायचा नियम कालच केला. त्यामुळे आज मिसळ काकांची. पण नियम झाल्यापासून काका एकदम आवळून बसलेत. शेवटच्या डावाला मी ६० केले तर चक्क पत्ते टाकले. आता यांच्यासमोर कसं खेळायचं?

किलवरगुलाम:
नवा धागा काढा. आणि यावेळी ब्लाइंड, स्टॅक (कुणाकडे किती चकत्या) आणि मिसळ पहिल्याच ओळीत लिहा.