क्लिक, सॅम्पल आणि आम्ही उरलेले वादक

जुनीतार: काल इथे कुणीतरी ठोकून दिलं, "आता वादक लागतातच कशाला, लॅपटॉपमध्ये सगळं आहे." डोक्यात गेलं ते. बावीस वर्षं व्हायोलिन वाजवतोय. पूर्वी रेकॉर्डिंगला आम्ही आठ जण ओळीत बसायचो. मागच्या खेपेला मी एकटा. तोच तुकडा आठ वेळा वाजवून घेतला आणि शेवटी सॅम्पल, म्हणजे आधीच रेकॉर्ड करून ठेवलेले सूर, वापरलं! अहो, आठ जण केसभर इकडेतिकडे वाजवतात म्हणून तर आवाज भरतो.

खटका: रडगाणं जुनंच. बोलपट आले तेव्हा थिएटरातले वादक घरी बसलेच ना? 1942 मध्ये अमेरिकेतल्या वादक संघटनेने रेकॉर्डिंगवर बहिष्कार टाकला. रेकॉर्ड बंद पडल्या?

जुनीतार: अर्धाच इतिहास सांगू नका. 1944 पर्यंत मोठ्या कंपन्या नमल्या. रेकॉर्डमागे निधी द्यावा लागला आणि त्यातून वादकांनी लोकांसमोर फुकट कार्यक्रम केले.

डग्गा: सॅम्पल राहू द्या, खरा खलनायक क्लिक आहे. मी ड्रम वाजवतो. क्लिक म्हणजे कानात सतत ठरलेल्या लयीची टिक-टिक. शेवटच्या कडव्याला गायिका रंगात येते, हात म्हणतात जरा चढव, पण मागे लॅपटॉपवर आधीच रेकॉर्ड केलेला ट्रॅक चालू, हलायची सोय नाही. एकदा भर कार्यक्रमात लॅपटॉप गप्प झाला. आम्ही पाचही जण काठ्या-तारा धरून एकमेकांची तोंडं बघत बसलो. लाज वाटली.

खटका: मग चूक लॅपटॉपची की तुमची? टिक-टिक करून लय दाखवणारं यंत्र, मेट्रोनोम, 1815 पासून आहे.

डग्गा: तो रियाजाला! पोहायला शिकताना डबा बांधतात, म्हणून स्पर्धेत डबा बांधून उतरता का?

अर्धमात्रा: क्लिकचं काय घेऊन बसलात? 1997 मध्ये बेसूर गाणं सुरात आणणारं सॉफ्टवेअर, ऑटोट्यून, आलं आणि गळेच इस्त्री करून मिळायला लागले. माझी विद्यार्थिनी म्हणते, "मॅडम, सूर नंतर लावू."

डग्गा: ताई, वेगळा धागा काढा. इथे लयीचं चाललंय.

अर्धमात्रा: तुम्ही तरी कुठे विषयावर आहात?

खटका: मी घरी एकटा गाणी करतो. आठ जणांचं मानधन कुठून आणू, ते सांगा. मला हौस नाही कुणाच्या पोटावर पाय द्यायची.

जुनीतार: हे आधी बोलला असतात तर एवढा चिडलो नसतो. पण "लागतातच कशाला" हे वेगळं आणि "परवडत नाहीत" हे वेगळं.

खटका: बरं बाबा. मिडीत, म्हणजे कॉम्प्युटरला सूर सांगायच्या भाषेत, सुराच्या जोराला 1 ते 127 एवढ्याच पायऱ्या. गजाचा दाब सूर चालू असताना बदलतो, तो त्यात मावत नाही, आणि इतर कंट्रोल हाताने आखत बसावं लागतं. तीन दिवस माऊस घासला, मग मुकाट एक व्हायोलिनवाला बोलावला. दोन टेकमध्ये काम संपवून गेला. झालं समाधान?

जुनीतार: एकच बोलावलात. सात बाकी आहेत.

डग्गा: त्याच्या कानात क्लिक होता का?

खटका: ...होता.

डग्गा: वाटलंच.