मॅट्स सुंदीन: निष्ठा की नुसता हट्ट?

काठी_आणि_पक:
आईस हॉकीत गम्य नसलेल्यांसाठी आधी थोडी पार्श्वभूमी. मॅट्स सुंदीन, जन्म १९७१, स्टॉकहोमच्या ब्रोमा भागातला. १९८९ च्या एनएचएल (उत्तर अमेरिकेतली व्यावसायिक हॉकी लीग) ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब पाळीपाळीने तरुण खेळाडू निवडतात तेव्हा, क्वेबेक नॉर्डिक्सने त्याला सगळ्यांत आधी उचललं; युरोपातल्या खेळाडूला हा मान तोवर कधीच मिळाला नव्हता. १९९४ मध्ये तो टोरोंटो मेपल लीफ्सकडे आला, १९९७ पासून कॅप्टन. कारकीर्दीत १३४६ सामने, ५६४ गोल, १३४९ पॉइंट (गोल आणि गोलला केलेली मदत मिळून). स्टॅनली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद: शून्य.

माझा मुद्दा फेब्रुवारी २००८ चा आहे. लीफ्स प्लेऑफच्या (हंगामाअखेरच्या बाद फेरीच्या) बाहेर चालले होते. सुंदीनच्या करारात नो-ट्रेड क्लॉज होता, म्हणजे त्याच्या होकाराशिवाय क्लबला त्याला दुसरीकडे धाडता येत नव्हतं. क्लबने होकार मागितला, तो नाही म्हणाला. उन्हाळ्यात करार संपला आणि तो निघून गेला. बदल्यात क्लबच्या हाती भोपळा. ना तरुण खेळाडू, ना ड्राफ्टमधली निवड. याला लोक निष्ठा म्हणतात. मला हा हट्ट वाटतो, आणि महागात पडलेला हट्ट.

मिसिसागाची_मावशी:
अजिबात सहमत नाही. तो क्लॉज काय क्लबने दिवाळीची ओवाळणी म्हणून दिला होता? दोन्ही बाजूंनी सह्या केलेला करार होता. एक बाजू अडचणीत आली म्हणून दुसरीने आपला हक्क सोडायचा, हा कुठला न्याय?

गंमत बघा. १९९४ मध्ये क्वेबेकने वेंडल क्लार्कच्या बदल्यात त्याला टोरोंटोला दिलं, तेव्हा टोरोंटोचा व्यवहार केला होता क्लिफ फ्लेचरने. २००८ मध्ये त्याला "आता जा" सांगणारा मॅनेजरही फ्लेचरच, तात्पुरता परत आलेला! एकदा सामान उचलून आलेल्या माणसाने चौदा वर्षांनी "या वेळी माझी इच्छा" म्हटलं तर चुकलं कुठे?

पुणेरी_थंडी:
त्या वेळी नकार देणारा तो एकटा नव्हता. लीफ्सच्याच टकर, मॅकेब, काबर्ले, कुबिना यांनीही क्लॉज सोडला नाही. तिथल्या पत्रकारांनी या पाच जणांना 'मस्कोका फाइव्ह' असं नाव ठेवलं होतं. (मस्कोका म्हणजे श्रीमंत टोरोंटोकरांची तळ्याकाठची सुट्टीची जागा. टोमणा पोचला ना?)

काठी_आणि_पक:
मावशी, हक्काबद्दल वादच नाही. त्याने दिलेलं कारण बघा. भाड्याने शेवटच्या टप्प्यात जाऊन कप जिंकण्याची कल्पना आपल्याला पटत नाही, सुरुवातीपासूनचा प्रवास सोबत केलेला हवा, अशा अर्थाचं तो बोलला. छान. मग त्याच वर्षी डिसेंबरमध्ये व्हँकुव्हरशी करार कसा केला? ८२ सामन्यांच्या हंगामात ४१ खेळला! अर्धा प्रवास तर बाकीच्यांनी त्याच्याशिवायच केला होता. आणि कप? दुसऱ्या फेरीत शिकागोने घरी पाठवलं.

मिसिसागाची_मावशी:
हा टोला बसला, मान्य. पण व्हँकुव्हरला जाताना तो मोकळा होता, कुणाला अर्ध्यात टाकून गेला नाही. फरक आहे.

उप्सालाकर:
इथे स्वीडनमध्ये बसून हा वाद वाचताना गंमत वाटते. कप नाही, कप नाही, हे टुमणं कॅनडातलं. इथे त्याची ओळख 'त्रे क्रुनूर'चा, म्हणजे तीन मुकुटांची जर्सी घालणाऱ्या राष्ट्रीय संघाचा माणूस अशी. जागतिक स्पर्धेची तीन सुवर्णं: १९९१, ९२, ९८. एक्याण्णवला तुर्कूमध्ये सोव्हिएत संघाविरुद्ध त्याने मारलेला गोल इथल्या जुन्या लोकांना अजून तोंडपाठ आहे.

आणि २००६, तुरिन ऑलिंपिक, अंतिम सामना, समोर फिनलंड, २-२. तिसरा, शेवटचा पिरियड सुरू होतो. फेसऑफला, म्हणजे खेळ सुरू करताना दोघे पकसाठी (रबरी चकतीसाठी) झटापट करतात तेव्हा, समोरच्या साकू कोइवूची काठी मोडते, पक स्वीडनकडे. सुंदीन आणि फोर्सबर्गमधून तो लिडस्ट्रॉमपर्यंत जातो आणि लिडस्ट्रॉम तो सणसणीत मारतो. पिरियडचे फक्त दहा सेकंद झालेले. ३-२, सुवर्ण. कॅप्टन सुंदीन. आता सांगा, भोपळा कुठे आहे?

काठी_आणि_पक:
तुरिनला माझाही नमस्कार. पण २००२ मध्ये बेलारूसकडून हरलेला संघही हाच की. आणि पगार तुरिन देत नव्हतं, टोरोंटो देत होतं. त्याच २००८ च्या उन्हाळ्यात लिडस्ट्रॉमने डेट्रॉइटचा कॅप्टन म्हणून कप उचलला. लीफ्स मात्र थेट २०१३ मध्ये प्लेऑफला पोचले.

पुणेरी_थंडी:
त्याचा दोष सुंदीनच्या माथी? २००७-०८ मध्ये, सदतिसाव्या वर्षी, त्याने ७४ सामन्यांत ७८ पॉइंट केले. २००२ च्या उपांत्य मालिकेत कॅरोलायनाविरुद्ध सहाव्या सामन्यात २२ सेकंद उरले असताना बरोबरीचा गोल कुणाचा? नंतर ओव्हरटाइममध्ये सामना गेला, तो काय एकट्या त्याच्यामुळे?

अवांतर: साधुसंतही नव्हता हं. २००४ मध्ये मोडलेली काठी चिडून प्रेक्षकांत भिरकावली आणि एका सामन्याची बंदी ओढवून घेतली. बंदीमुळे तो ज्या सामन्याला मुकला, त्याच सामन्यात ओटावाच्या आल्फ्रेडसनने काठी फेकल्याची नक्कल केली. तोही स्वीडिशच!

मिसिसागाची_मावशी:
एक सांगते आणि थांबते, कणीक भिजवायची आहे. २१ फेब्रुवारी २००९, शनिवार. सुंदीन व्हँकुव्हरच्या जर्सीत टोरोंटोला आला. मी टीव्हीसमोर, मांडीवर मटार सोलायची परात. खेळ थांबला तेव्हा वर पडद्यावर त्याची जुनी दृश्यं लावली आणि अख्खं स्टेडियम उभं राहिलं. टाळ्या थांबेनात. बाकावर बसलेला तो उंचापुरा माणूस डोळे पुसत होता. सोडून गेलेल्याला आमचे लोक असं वागवत नाहीत हो, शिव्या घालतात. सामना शूटआउटपर्यंत गेला आणि निर्णायक गोल, अर्थात, त्यानेच मारला. आमच्याविरुद्ध.

मी टाळ्या वाजवल्या. नवऱ्याने टीव्ही बंद केला.

काठी_आणि_पक:
भाऊजींना माझा जाहीर पाठिंबा कळवा.