कॉन्व्हेंटला मराठीत काय म्हणायचं?

चर्चाप्रस्ताव
जुन्या गोव्यावरच्या एका माहितीपत्रकाचं भाषांतर करतेय आणि पहिल्याच वाक्याला अडलेय. सांता मोनिका कॉन्व्हेंटच्या वास्तूत ख्रिस्ती कला संग्रहालय आहे, एवढंच सांगायचंय. मी लिहिलं, 'माजी कॉन्व्हेंटमधील कलासंग्रहालय'. आईला वाचून दाखवलं तर म्हणाली, "का गं, शाळा बंद पडली का?" मग 'मठ' लिहू? आणि 'माजी' चालेल ना?

प्रतिसाद
आईंचं काही चुकलं नाही. आपल्याकडे पोरं 'कॉन्व्हेंटला' जातात ती इंग्रजी शाळेत. दोन खोल्यांच्या शाळेच्या पाटीवरही कॉन्व्हेंट असतं आणि तिथे नन औषधालाही सापडत नाही. मूळ लॅटिन 'कोन्वेन्तुस' म्हणजे नुसतं एकत्र जमणं.
'माजी' मात्र काढाच. अरबीतला अर्थ 'सरलेला', पण मराठीत तो माणसाला लागतो: माजी आमदार, माजी विद्यार्थी. इमारत कुठल्या पदावरून उतरली?

प्रतिसाद
मी फोंड्याचा. आमच्याकडे मठ म्हटलं की कवळे, पर्तगाळी. स्वामी, शिष्यपरंपरा, अनुग्रह हे सगळं त्या शब्दाबरोबर येतं. 'सांता मोनिका मठ' वाचून कोणीतरी विचारेल, सध्या गादीवर कोण?

प्रतिसाद
ताई, मी वसईची. आमच्या चर्चच्या मराठीत 'धर्मभगिनी' हा शब्द चांगला रुळलाय, बोलताना अर्थात 'सिस्टर'. 'धर्मभगिनींचा मठ' लिहा, गादीचा प्रश्न तिथेच मिटतो. 'जोगीण' कोणी सुचवलं तर ऐकू नका, ते वेगळंच चित्र आहे.

प्रतिसाद
पण म्हणून कॉन्व्हेंट म्हणजे बायकांचाच मठ, असं शब्दकोशात टाकू नका. फ्लोरेन्सचं सान मार्को हे डोमिनिकन पुरुषांचं कॉन्व्हेंट, आता तेही संग्रहालय. फ्रा आंजेलिको तिथलाच मठवासी, त्याने सोबत्यांच्या खोल्याखोल्यांतून भित्तिचित्रं काढली. एका मराठी लेखात त्या खोल्यांना 'कोठड्या' म्हटलेलं वाचलं. चित्रकार जन्मठेप भोगत होता की काय! अजिंठ्याच्या विहारांबद्दल लिहिताना आपण सरळ 'भिक्षूंच्या खोल्या' म्हणतो, तेच इथे चालतं. 'विहार' मात्र नको, तो बौद्धांचाच राहू दे.

चर्चाप्रस्तावक
धन्यवाद. 'मठाचे संग्रहालयात रूपांतर झाले' असं केलं तर? ऐटदार वाटतं.

प्रतिसाद (फोंडा)
वाटतं, पण खोटं आहे. बांधकाम 1606 ते 1627. पुढे 1834 मध्ये पोर्तुगालने धर्मसंघ बंद केले, तेव्हा पुरुषांचे मठ लगेच रिकामे झाले. बायकांच्या मठांत नव्या मुली घ्यायला बंदी आली, आत होत्या त्यांना मरेपर्यंत राहू दिलं. सांता मोनिकातली शेवटची नन 1885 मध्ये वारली. संग्रहालय 1994 मध्ये राशोलच्या सेमिनरीत, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या विद्यालयात, सुरू झालं आणि 2002 मध्ये इथे हललं. मधल्या शंभरहून जास्त वर्षांना 'रूपांतर' कसं म्हणणार? शिवाय ते वास्तूच्या एका भागातच आहे.

प्रतिसाद (वसई)
तिथलं चांदीचं पेलिकन पक्ष्याच्या आकाराचं पात्र आहे ना पत्रकात? त्याला 'हंस' लिहू नका. पेलिकन स्वतःची छाती फोडून पिलांना रक्त पाजतो, अशी जुनी समजूत. म्हणून तो ख्रिस्ताचं प्रतीक. हंस केलात की अर्थच गेला, उरेल नीरक्षीरविवेक.

चर्चाप्रस्तावक
अगं बाई, हंसच लिहिला होता! आता वाक्य असं: 'जुन्या गोव्यात ऑगस्टिनियन धर्मभगिनींचा सांता मोनिका हा मठ होता. त्या वास्तूच्या एका भागात आज ख्रिस्ती कला संग्रहालय आहे.' 'होता' आल्यावर 'माजी'ची गरजच उरली नाही. आईला पुन्हा वाचून दाखवलं. आता विचारतेय, बेबिंका (तो गोव्याचा थराथरांचा गोड पदार्थ) इथल्याच ननने पहिल्यांदा केला म्हणतात, ते पत्रकात का नाही?

प्रतिसाद (फोंडा)
दंतकथा आहे, काकूंना सांगा. पण घाला, लोक तेवढंच वाचतात.