प्रति: साठीनंतर नवरा-बायकोत बोलणंच संपतं

वर म्हटलंय की साठीनंतर एकमेकांत रस उरत नाही म्हणून घरात शांतता असते. काही घरांत असेलही तसं, पण एक शक्यता इथे कुणीच काढली नाही, ऐकू येणं. आमच्याकडे आई म्हणायची "सात वाजले" आणि बाबांचं उत्तर "भात नको आत्ता", मग आई ओरडून बोलणार, बाबा म्हणणार ओरडतेस कशाला, आणि दोघंही गप्प. आम्हाला वाटायचं स्वभाव तिरसट झालाय.

वयानुसार आधी उंच पट्टीतले आवाज जातात, म्हणजे स, श, फ असली व्यंजनं आणि बायका-पोरांचे आवाज. त्यामुळे माणसाला कुणीतरी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते कळत नाही, आणि त्यात कुकर नाहीतर टीव्ही चालू असला की संपलंच. नुसतं मोठ्याने बोलून फारसा फरक पडत नाही, समोर येऊन सावकाश बोलावं लागतं. ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) करून घ्या, साधी टेस्ट आहे, अजिबात दुखत नाही. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ कमिशननेही 2020 च्या अहवालात डिमेन्शियाचा (स्मृतिभ्रंशाचा) धोका वाढवणाऱ्या, पण टाळता येण्याजोग्या गोष्टींत ऐकू कमी येणं धरलंय, म्हणजे हा फक्त संसाराचा प्रश्न नाही.

कानाचं मशीन घेतल्यावर सुरुवातीला पेपरची घडीसुद्धा कर्कश वाटते, सवय व्हायला काही आठवडे जातात, आणि बरेच लोक तेवढ्यात ते कपाटात टाकतात. बाबांनी नेटाने लावलं. आता आईची नवी तक्रार, मावशीशी फोनवर हळू बोललेलंही यांना ऐकू जातं.