मिरचीची पाने आकसली आहेत, काय करावे?

प्रश्न: घोडबंदर रोडवरील आमच्या आठव्या मजल्याच्या बाल्कनीत लावलेल्या मिरचीची पाने होडीसारखी वर वळून आकसली आहेत. खत वाढवावे का?

उत्तर: खत मुळीच वाढवू नये. पाने वर वळणे हे बहुधा फुलकिड्यांचे लक्षण असते (कोळी ही सूक्ष्म कीड असल्यास पाने खाली वळतात), म्हणून पांढऱ्या कागदावर शेंडा झटकून पाहावा. पिवळसर, बारीक किडे धावताना दिसले, तर एक लिटर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचे तेल व थोडा द्रवरूप साबण मिसळून संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूस फवारावे.

दुसरे उत्तर: शिवाय कुंडीखालची ताटलीही काढावी. कोपरखैरण्यात माझी दोन वांगी पावसाळ्यात तिच्यात साचलेल्या पाण्यानेच कुजली आणि मी मात्र किडीला दोष देत राहिलो.

प्रश्नकर्ती: कागदावर सात किडे मोजले. आज संध्याकाळीच फवारते.