पोकर: ऑल-इननंतरचं बेटिंग कळत नाहीये, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

टेक्सस होल्डेम शिकतेय, पैसे न लावता, नुसत्या चिप्सवर. पत्त्यांचा भाग डोक्यात बसलाय: हातात दोन, मग टेबलावर सर्वांसाठी उघडे: फ्लॉपला तीन, टर्न आणि रिव्हरला एकेक, आणि या सातांतून सर्वांत भारी पाच. फ्लश (एकाच चिन्हाचे पाच पत्ते) स्ट्रेटच्या (ओळीने पाच पत्ते) वरचढ का, तेही पटलं. 52 पत्त्यांतून पाच घेतले तर स्ट्रेट 10,200 प्रकारे लागतो, साधा फ्लश फक्त 5,108 प्रकारे.

गाडी अडते ती बेटिंगवर. समजा नो-लिमिटचा (बेटला वरची मर्यादा नसलेला) डाव आहे, बिग ब्लाइंड (पत्ते बघण्याआधी लावायची सक्तीची बेट) 10. एकाने रेझ करून (बेट वाढवून) 30 केले, म्हणजे वाढ 20 ची. पुढच्याला रेझ करायचं तर किमान 50 हवेत. पण त्याच्याकडे 40च आहेत आणि तो ऑल-इन गेला (सगळ्या चिप्स लावल्या). बाकीच्यांनी कॉल केला (तेवढ्याच चिप्स लावल्या). आता पाळी परत पहिल्याकडे आली, तर त्याला पुन्हा रेझ करता येतं, की नुसता कॉल किंवा फोल्ड (डाव सोडणं)? मला दुसरं बरोबर वाटतं, कारण ती वाढ पूर्ण नव्हतीच. पण खात्रीने सांगणारं कुणी हवं आहे.

साइड पॉटचंही (ऑल-इन गेलेल्याचा वाटा नसलेल्या वेगळ्या चिप्सचं) विचारायचंय. तिघांपैकी एक 40 वर ऑल-इन, उरलेले दोघे 100 पर्यंत गेले. मुख्य पॉट 120, साइड पॉट 120. रिव्हरला त्या दोघांपैकी एकाने फोल्ड केलं, तर मुख्य पॉटवरचाही त्याचा हक्क जातो ना?

जाणकारांनी असा एखादा डाव चिप्सच्या आकड्यांसकट, पाळीपाळीने लिहून दाखवला तर फार मदत होईल.